दुय्यम भूमिका आणि ललिता पवार

चित्रपटांच्या इतिहासावर आजवर जें लिहिलें गेलें त्यांतील बहुतेक भाग नायक-नायिका, दिग्दर्शक व संगीतकार यांनींच व्यापलेला आहे. यांत अस्वाभाविक असें कांहीं नाहीं. जाहिरातींत ज्यांचीं चित्रें मोठीं त्यांचीं चरित्रेंही मोठीं, हा जगाचा व्यवहारच आहे. परंतु पडद्यावर जें घर आपण पाहतों त्या घरांत नायक-नायिकांखेरीज एक सासू असते, एक मामा असतो, भाड्यासाठीं तगादा लावणारी घरमालकीण असते, मुनीम असतो, म्हातारा गडी असतो. नायक दहा वर्षांनीं बदलतो. हीं माणसें त्याच जागीं राहतात. पडद्यावरील संसारास खरेपणा येतो तो पुष्कळदां या मंडळींमुळेंच. यांस आपण कधीं ‘दुय्यम नट’ म्हणतों, कधीं हिंदी चित्रसृष्टींतील शब्द उचलून ‘चरित्र-अभिनेते’ म्हणतों. पहिल्या नांवांत किंचित् अवहेलना आहे, दुसऱ्यांत किंचित् अतिशयोक्ति आहे. नांव कोणतेंही घेतलें तरी या वर्गाच्या कारकीर्दीचा विचार स्वतंत्रपणें व्हावा तितका होत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

असा विचार करण्यास एकादें उदाहरण घ्यावें असें मनांत येतांच आमच्यापुढें ललिता पवार यांचें नांव उभें राहतें. याचें कारण केवळ त्यांची कीर्ति नव्हे. मूकपटाचा काळ, बोलपटाचा आरंभ, स्टुडिओंच्या भरभराटीचा जमाना, त्यांची मोडतोड, मुंबईच्या उपनगरांत विस्तारलेली चित्रसृष्टि, आणि अखेरीस घराघरांत पोंचलेली दूरचित्रवाणी, या सर्व अवस्था स्वतः काम करतांना ज्यांनीं पाहिल्या अशा व्यक्ति थोड्या. आणि बहुतेक काळ नायिकेच्या पदावर नसूनही ज्यांचें नांव लोकांच्या तोंडीं राहिलें अशा तर अगदींच थोड्या. मराठी घरांत एखाद्या करड्या स्वभावाच्या बाईस उद्देशून ‘अगदीं ललिता पवार आहे’ असें म्हटलेलें अजून ऐकूं येतें. विशेषनामाचें सामान्यनाम व्हावें, असें नटवर्गांत फारच थोड्यांच्या वाट्यास आलें असेल. हा मान म्हणावा कीं अन्याय म्हणावा, हा प्रश्न या लेखांत आम्हांस विचारावयाचा आहे.

ललिताबाईंचा जन्म १८ एप्रिल १९१६ रोजीं नाशिक जिल्ह्यांतील येवलें येथें झाला. पैठणीच्या मागांसाठीं प्रसिद्ध असलेल्या या गांवीं त्यांचे वडील लक्ष्मणराव सगुण हे रेशमी व सुती कापडाचा व्यापार करीत. मुलीचें मूळचें नांव अंबा. पुण्यांत नानासाहेब सरपोतदार यांच्या ‘आर्यन फिल्म कंपनी’नें काढलेल्या मूकपटांतून ती प्रथम पडद्यावर आली. १९२८ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा तिचा पहिला चित्रपट समजला जातो, आणि पगार दरमहा अठरा रुपये होता असें सांगतात. येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. १९१३ सालीं दादासाहेब फाळके यांनीं याच कथेवर आपला पहिला चित्रपट काढला तेव्हां तारामतीच्या भूमिकेसाठीं त्यांना एकही स्त्री मिळाली नव्हती, आणि अण्णा साळुंके या पुरुषास लुगडें नेसवून उभें करावें लागलें होतें. पंधरा वर्षांच्या अवधींत त्याच कथेच्या चित्रपटांत सुस्थितींतल्या घरची मुलगी काम करूं लागली, हा फरक लहान नाहीं.

पुढें अंबेची ललिता झाली व ती नायिकेच्या भूमिका करूं लागली. १९३१ सालीं ‘आलम आरा’नें हिंदुस्थानांत बोलपटाचें युग सुरू केलें, तरी मूकपट एकदम बंद पडले नाहींत. १९३२ सालच्या ‘कैलास’ या मूकपटांत ललिताबाईंनीं काम तर केलेंच, शिवाय त्याच्या निर्मितींतही वांटा उचलला. बोलपट स्थिरावल्यावर ‘हिंमते मर्दां’ (१९३५) सारख्या चित्रपटांतून त्यांनीं साहसाच्या भूमिका केल्या. त्या काळीं नटीस स्वतःच गावें लागे, आणि ललिताबाईंना गळाही होता. १९३७-३८ च्या सुमारास ‘दुनिया क्या है’ हा बोलपटही त्यांनीं निर्माण केला. म्हणजे पंचविशी गांठण्यापूर्वींच नटी, गायिका व निर्माती अशा तिन्ही नात्यांनीं त्या या धंद्यांत मुरल्या होत्या. हें येथें मुद्दाम सांगण्याचें कारण असें कीं पुढील दंतकथेच्या झगमगाटांत हीं चौदा वर्षें सहसा विसरलीं जातात.

ती दंतकथा बहुतेकांस ठाऊक आहे. १९४२ सालीं ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाचें चित्रण चालू असतां एका प्रसंगांत मास्टर भगवान यांनीं ललिताबाईंच्या तोंडांत मारावयाची होती. हात जोरानें बसला. डाव्या डोळ्याची शीर फुटली, चेहऱ्याच्या त्या बाजूस पक्षाघात झाला, उपचार तीन वर्षें चालले, आणि शेवटीं डोळा बारीक राहिला तो राहिलाच. सुंदर नायिका अशा रीतीनें संपली आणि खाष्ट सासू जन्मास आली, अशी ही कथा आहे. एका थपडेनें एक आयुष्य फिरलें, ही कल्पना ऐकणाऱ्यास चटकन् पटते; म्हणूनच ती वर्तमानपत्रांतून व मुलाखतींतून वारंवार सांगितली जाते.

अपघात खरा आहे. त्याची खूण प्रेक्षकांनीं पुढें कित्येक वर्षें पडद्यावर पाहिली. आमचा आक्षेप आहे तो त्यावरून काढल्या जाणाऱ्या अनुमानास. सालें शेजारीं शेजारीं मांडून पाहावीं. अपघात १९४२ चा. आणि १९४४ सालीं प्रकाशित झालेल्या प्रभातच्या ‘रामशास्त्री’ या चित्रपटांत ललिताबाई आनंदीबाईच्या भूमिकेंत उभ्या आहेत. तेव्हां उपचार किती का चालेनात, तीन वर्षांच्या अज्ञातवासाची कल्पना टिकत नाहीं. शिवाय आनंदीबाई ही कांहीं उपकाराखातर दिलेली किरकोळ भूमिका नव्हे. गजानन जागीरदार यांच्या रामशास्त्र्यांसमोर, नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाच्या कथानकांत, जिच्यावांचून नाट्यच उभें राहत नाहीं अशी ती भूमिका होती. आनंदीबाईनें ‘ध’ चा ‘मा’ केला ही गोष्ट महाराष्ट्रांत घरोघर सांगितली गेली, परंतु इतिहाससंशोधकांनीं ती निर्विवाद मानलेली नाहीं. एका मोठ्या घटनेला एकच सोपें कारण चिकटवून टाकण्याची लोकांस हौस असते. आनंदीबाईच्या बाबतींत जें झालें तेंच थोड्याशा निराळ्या रीतीनें तिची भूमिका करणाऱ्या नटीच्या बाबतींतही झालें, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं.

समजा, ती थप्पड बसलीच नसती. मग ललिताबाई किती वर्षें नायिका राहिल्या असत्या? या प्रश्नाचें उत्तर त्यांच्या दोन समकालीन मराठी नटींच्या कारकीर्दींत मिळतें. लीला चिटणीस या ‘बॉम्बे टॉकीज’ या मालाडच्या संस्थेच्या लाडक्या नायिका. ‘कंगन’ (१९३९), ‘बंधन’ (१९४०) व ‘झूला’ (१९४१) या तीन चित्रपटांत अशोककुमार यांच्या जोडीनें त्यांनीं साऱ्या देशाला वेड लावलें. त्यानंतर सातच वर्षांनीं, १९४८ सालीं, गोरेगांवच्या ‘फिल्मिस्तान’च्या ‘शहीद’ या चित्रपटांत त्या दिलीपकुमार यांच्या आई झाल्या. त्यांचा जन्म १९०९ चा आणि मुलाचा १९२२ चा! मालाड ते गोरेगांव हें आगगाडीनें एका स्टेशनाचें अंतर आहे. नायिकेपासून आईपर्यंतचा त्यांचा प्रवासही तेवढाच. तिकडे त्यांचे नायक अशोककुमार मात्र १९४९ सालच्या ‘महल’मध्यें कोवळ्या मधुबालेचे नायक होते. दुसरें उदाहरण दुर्गा खोटे यांचें. १९३२ सालच्या ‘अयोध्येचा राजा’ मधील ही तारामती पुढें राजमातांच्या व गृहिणींच्या भूमिकांकडे वळली, आणि अंधेरीच्या मोहन स्टुडिओंत चित्रित झालेल्या ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) मध्यें जोधाबाई म्हणून अजरामर झाली. या दोघींस कोणीं थप्पड मारली होती?

तेव्हां खरें कारण थपडेंत शोधण्यापेक्षां धंद्याच्या रिवाजांत शोधावें हें बरें. स्त्रीला पस्तिशीच्या आसपास आई करावयाची आणि पुरुषाला पन्नाशीपर्यंत प्रियकर ठेवावयाचें, हा तो रिवाज. ‘श्री ४२०’ (१९५५) मध्यें राज कपूर ज्या गंगामाईस माय मानतो ती ललिताबाईंची केळेवाली त्याच्याहून प्रत्यक्षांत अवघ्या आठ वर्षांनीं वडील होती. ‘हम दोनों’ (१९६१) या चित्रपटांत देव आनंद यांची दुहेरी भूमिका आहे, म्हणून आयाही दोन लागल्या: कॅप्टनची आई लीला चिटणीस आणि मेजरची आई ललिता पवार. एके काळच्या दोन नायिका एकाच नायकाच्या दोन आया म्हणून एका चित्रपटांत आल्या, यापरतें बोलकें उदाहरण दुसरें कोणतें द्यावें? थपडेनें केलें असेल तें इतकेंच कीं जो दरवाजा आठ-दहा वर्षांनीं बंद व्हावयाचा तो तिनें आधींच लावला. दुसऱ्या दरवाजानें आंत शिरून तेथें घर बांधणें, हें काम मात्र ललिताबाईंचें स्वतःचें.

हें घर कोठें बांधलें गेलें, तेंही पाहिलें पाहिजे. ललिताबाईंच्या आरंभींच्या काळीं मराठी चित्रपटाचीं मुख्य ठाणीं कोल्हापूर व पुणें हीं होतीं. मुंबईंत स्टुडिओ होते ते दादर-परळकडे. परंतु जागा, शांतता व उजेड यांच्या शोधांत हा धंदा हळूहळू साष्टी बेटांत सरकूं लागला. १९३४ सालीं हिमांशु राय व देविकाराणी यांनीं मालाडला ‘बॉम्बे टॉकीज’ काढली. अंधेरीस विजय भट्ट बंधूंचा ‘प्रकाश’ स्टुडिओ होता. १९४३ सालीं गोरेगांवांत ‘फिल्मिस्तान’ निघाला. १९४८ सालीं राज कपूर यांनीं चेंबूरला आर. के. स्टुडिओ स्थापिला, १९५८ च्या सुमारास अंधेरीजवळ आंबोलीस ‘फिल्मालय’ उभा राहिला. यांपैकीं बहुतेक ठिकाणें स्टुडिओ उभे राहिले तेव्हां मुंबई शहराच्या हद्दींतही नव्हतीं. अंधेरीकडील भाग महानगरपालिकेंत आला १९५० सालीं, आणि दहिसर व मुलुंडपर्यंतचीं उपनगरें सामील झालीं १९५७ सालीं. ताडाचीं झाडें, भाताचीं शेतें व मधूनच एकादा बंगला, अशा प्रदेशांत ही मायानगरी वाढली, आणि पाठोपाठ मध्यमवर्गाची वस्ती तेथें आली.

या स्थलांतराबरोबर धंद्याची रचनाही पालटली. पूर्वीं नट-नट्या एकाच कंपनीच्या पगारी नोकर असत. कंपनी नाटकमंडळीसारखी एक कुटुंबच असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत एकेका चित्रपटापुरते पैसे घालणारे नवे निर्माते पुढें आले. ते स्टुडिओ भाड्यानें घेत आणि नटांस ठरीव रकमेवर बोलावीत. १९५० नंतरच्या चार-पांच वर्षांत ‘प्रभात’ व ‘बॉम्बे टॉकीज’ या दोन्ही मातब्बर संस्थांची चित्रनिर्मिति थांबली. पगारी नोकरी गेली आणि मुक्त व्यवसाय आला. नायकाचें यांत भलें झालें, कारण त्याची किंमत वाढली. दुय्यम नटाची स्थिति चमत्कारिक झाली. एका चित्रपटांतून त्याला थोडकें मिळे, म्हणून त्यानें एकाच वेळीं अनेक चित्रपट घेणें भाग पडलें. सकाळीं एका स्टुडिओंत विधवा आत्या, तर दुपारीं दुसऱ्यांत श्रीमंत सासू, असा हा व्यवसाय होऊन बसला. चित्रपटसृष्टींत शेंकडों चित्रपट ज्यांच्या नांवावर आहेत ते याच वर्गांतले कां, याचा उलगडा येथें होतो.

निर्मात्याच्या बाजूनेंही यांत एक हिशेब होता. अडीच-तीन तासांच्या कथेंत गाणीं, नाच व मारामारी यांस जागा करून देतां देतां प्रत्येक पात्राची ओळख करून देण्यास सवड राहत नाहीं. ललिता पवार दारांत उभी राहिली, पदर खोंचून तिनें एक डोळा बारीक केला, कीं हें घर कसलें आहे हें प्रेक्षक समजून चुकतो; निर्मात्याचीं दोन पानें संवादांचीं वांचतात. ओळखीचा चेहरा हें या धंद्यांतलें एक प्रकारचें भांडवल आहे. पण या भांडवलाचें व्याज नटास भरावें लागतें. एकदां ठसा बसला कीं निराळें कांहीं करूं देण्यास कोणी धजत नाहीं.

हा ठसा कसा वापरला गेला, हें पाहणें आमच्या दृष्टीनें या कारकीर्दींतील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. १९५० सालीं व्ही. शांताराम यांनीं ‘दहेज’ काढला. हुंड्यापायीं सुनेचा छळ मांडणारी सासू म्हणून ललिताबाई त्यांत आल्या. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालीं झाला. त्याच्या अकरा वर्षें आधीं त्या प्रथेविषयीं प्रेक्षकांच्या मनांत चीड उत्पन्न करण्याचें काम या चित्रपटानें केलें, आणि ती चीड ज्या चेहऱ्यावर खिळली तो चेहरा ललिताबाईंचा. येथें खलभूमिका सुधारणेच्या कामीं आली. आतां पांच वर्षें पुढें यावें. १९५५ हें हिंदु विवाह कायद्याचें साल. त्याच सालीं गुरुदत्त यांचा ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ निघाला. त्यांत घटस्फोटाच्या हक्काचा पुरस्कार करणारी, सभा गाजविणारी सीतादेवी ही पुतळीसारखी कठोर आत्या ललिताबाईंनीं केली आहे. चित्रपट खुसखुशीत आहे. परंतु त्याचा रोख सरळ सरळ हक्क मागणाऱ्या स्त्रियांची टिंगल करण्याकडे आहे. म्हणजे ज्या चेहऱ्यानें १९५० सालीं जुन्या रूढीचें पाप अंगावर घेतलें, त्याच चेहऱ्यावर १९५५ सालीं नव्या विचाराचें पाप लादलें गेलें. सुनेला छळणारी बाई वाईट, आणि सुनेला स्वातंत्र्य मागणारी बाईही वाईट! दोन्ही वेळां प्रेक्षक त्याच सहजतेनें तिचा तिरस्कार करूं शकला. ‘ललिता पवार’ हें सामान्यनाम झालें म्हणजे काय झालें, तें यावरून स्पष्ट होतें. समाजाला ज्या ज्या वडीलधाऱ्या स्त्रीचा राग येई, तिचा तिचा चेहरा म्हणून हा एक चेहरा तयार होता.

इतकेंच असतें तर ही कारकीर्द केवळ एका साच्याची कहाणी ठरली असती. पण १९५९ सालीं दोन चित्रपट आले, आणि त्यांनीं हा साचा आंतून उकलून दाखविला. बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’मध्यें ललिताबाईंनीं अस्पृश्य मुलीचा स्पर्श टाळणारी सनातनी बाई उभी केली. बिमल रॉय यांची संस्था अंधेरीच्या मोहन स्टुडिओंत काम करीत असे, आणि आरडाओरडीचा अभिनय त्या दिग्दर्शकास मानवत नसे. म्हणून ही बाई दुष्ट वाटत नाहीं. ती भाविक आहे, घरच्या मुलांवर जीव टाकणारी आहे, आणि तीच माणुसकीला पारखी झालेली आहे. अशा बाया आपल्या घरांत होत्या, हें त्या वेळच्या सुशिक्षित प्रेक्षकास मनांतल्या मनांत कबूल करावें लागलें असेल. खलनायिकेचा तिरस्कार करून मोकळें होतां येतें. या बाईच्या बाबतींत ती सोय उरत नाहीं.

दुसरा चित्रपट हृषिकेश मुखर्जी यांचा ‘अनाडी’. त्यांतील मिसेस डिसा ही ख्रिस्ती घरमालकीण तोंडानें फटकळ, वागण्यांत कडक, आणि भाडेकरू पोरावर पोटच्या मुलाप्रमाणें माया करणारी. ज्या कंपनीच्या मालकाच्या कृपेनें तो पोरगा पोट भरतो, त्याच कंपनीच्या विषारी औषधानें तिचा जीव जातो. या भूमिकेबद्दल ललिताबाईंना फिल्मफेअरचें सहाय्यक अभिनेत्रीचें पारितोषिक मिळालें. आम्ही ही भूमिका पाहतों तेव्हां आम्हांस असें वाटतें कीं त्यांनीं येथें आपला जुना ठसा टाकून दिला नाहीं. त्याच ठशावर भरंवसा ठेवून प्रेक्षकाला फसविलें. तोच बारीक डोळा, तोच तुटक आवाज; प्रेक्षक नेहमींच्या सवयीनें तिरस्काराची तयारी करतो, आणि त्या डोळ्यांत त्याला अकस्मात् पाणी दिसतें. मायेनें ओथंबलेल्या आईच्या डोळ्यांतलें पाणी आपण गृहीत धरलेलें असतें; या बाईच्या डोळ्यांतलें पाणी मिळवावें लागतें. मुखर्जी यांना ही बाई इतकी आवडली असावी कीं बारा वर्षांनीं ‘आनंद’ (१९७१) मध्यें रुग्णालयांतली कडक मेट्रन आली तिचेंही आडनांव डिसाच ठेवलें गेलें, आणि ती भूमिकाही ललिताबाईंनींच केली.

विनोदाच्या प्रांतांतही त्यांनीं हाच डाव खेळला. ‘जंगली’ (१९६१) मध्यें घरांत हंसण्याचीच बंदी करणारी आई त्या झाल्या. ‘प्रोफेसर’ (१९६२) मध्यें तर त्याहून धीट गोष्ट आहे. पुतण्यांवर कडक पहारा ठेवणारी प्रौढ सीतादेवी म्हाताऱ्या प्राध्यापकाच्या वेषांत आलेल्या तरुणावर भाळते, आरशासमोर बसून नटूं लागते. प्रेक्षागृह हंसतें, आणि हंसविण्यासाठींच तें रचलेलें आहे. पण ललिताबाईंनीं त्या बाईची विटंबना होऊं दिली नाहीं. आयुष्यभर दुसऱ्यांचीं मुलें सांभाळण्यांत जिचें तारुण्य गेलें त्या बाईला उशिरां कां होईना कोणीतरी आपलेंसें वाटावें, ही हौस त्यांनीं प्रामाणिकपणें दाखविली. नायिकेला जी भावना फुलांच्या बागेंत गाण्यासह मिळते ती प्रौढ स्त्रीला मिळाली तर ती थट्टेचा विषय कां व्हावी, असा प्रश्न विचारी प्रेक्षकाच्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं. संगीत नाटक अकादमीनें १९६१ च्या सुमारास त्यांचा गौरव केला, तो या ऐन बहराच्या काळांत.

अभिनयाच्या दृष्टीनें पाहतां ललिताबाईंच्या कामाचा विशेष काटकसर हा आहे. मूकपटांत वाढलेल्या नटीस चेहऱ्यानें बोलावें लागे. बोलपट आल्यावर कित्येकांची ती संवय सुटली नाहीं व ते शब्दांवर पुन्हां हातवारे चढवीत राहिले. ललिताबाईंनीं उलट केलें. चेहऱ्याचा एक भाग नीट हालत नाहीं हें ओळखून त्यांनीं उरलेल्या भागाकडून थोडें पण नेमकें काम घेतलें. मान किंचित् वांकडी करणें, शब्दाच्या आधीं क्षणभर थांबणें, वाक्याचा शेवट दांतांत तोडणें, यांवर त्या प्रसंग पेलीत. व्यंगाचें भांडवल करणें निराळें, आणि व्यंगाला शिस्त लावून त्याचें साधन करणें निराळें. दुसऱ्या प्रकारास कष्ट लागतात, आणि त्या कष्टांचें श्रेय थपडेस देणें हा त्यांच्यावरचा दुसरा आघात होय.

२ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबई दूरदर्शन सुरू झालें, आणि पुढील पंधरा वर्षांत चित्रपटगृह घरांत येऊन बसलें. २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत रविवारीं सकाळीं रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका दाखविली गेली. तिचें चित्रण उंबरगांव येथें झालें; अंधेरी-बोरिवलीवरून जाणारी पश्चिम रेल्वे महाराष्ट्राची हद्द ओलांडून गुजराथेंत शिरते तेथेंच हें गांव आहे. तींत मंथरा झाल्या सत्तरी गांठलेल्या ललिताबाई. ‘संपूर्ण रामायण’ (१९६१) या चित्रपटांतही ही भूमिका त्यांनीं केली होती. पण तेव्हां तिकीट काढून गेलेला प्रेक्षक होता, आणि आतां अंघोळी उरकून सबंध कुटुंब दूरचित्रवाणीसमोर बसत होतें. घर फोडणाऱ्या बाईस आपल्या भाषेंत मंथराच म्हणतात. तेव्हां येवल्याच्या अंबेनें प्रथम ‘ललिता पवार’ हें सामान्यनाम केलें आणि म्हातारपणीं दुसऱ्या एका जुन्या सामान्यनामास आपला चेहरा दिला. ज्या पिढीनें ‘अनाडी’ पाहिला नव्हता तिनें त्यांना ओळखलें तें असें.

येथें मास्टर भगवान यांचा उल्लेख न्यायानें केला पाहिजे. दंतकथेनें त्यांना केवळ थप्पड मारणारा करून टाकलें आहे. भगवान आबाजी पालव हे कामगार वस्तींतून वर आलेले गुणी नट व दिग्दर्शक. त्यांनीं चेंबूरला स्वतःचा ‘जागृति’ स्टुडिओ काढला, आणि ‘अलबेला’ (१९५१) नें त्यांना कीर्तीच्या शिखरावर नेलें. पुढचे चित्रपट पडले, मिळविलेलें गेलें, आणि ज्यांच्या नाचाची नक्कल मोठमोठ्या नायकांनीं केली ते स्वतः गर्दींतल्या किरकोळ भूमिकांवर आले. ४ फेब्रुवारी २००२ रोजीं दादर येथें त्यांचें निधन झालें. नायकपद गेल्यावर त्यांच्या हातीं राहण्यासारखें दुसरें कांहीं धंद्यानें ठेवलें नव्हतें. ललिताबाईंनीं मात्र नायिकापद गेल्यावर दुय्यम भूमिका हीच आपली इस्टेट केली. थप्पड मारणारा व ती खाणारी या दोघांचीं आयुष्यें जोडीनें वाचलीं म्हणजे त्या एका क्षणास आपण किती अवास्तव महत्त्व देतों हें कळून येतें.

२४ फेब्रुवारी १९९८ रोजीं, ज्या पुण्यांत त्यांची कारकीर्द सुरू झाली तेथेंच, ललिताबाईंचा अंत झाला. ज्या स्टुडिओंतून त्या वावरल्या त्यांपैकीं बरेचसे आतां उरलेले नाहींत. मालाडच्या ‘बॉम्बे टॉकीज’च्या आवारांत लहान-मोठे कारखाने झाले, मोहन स्टुडिओ गेला, आर. के. स्टुडिओचा मोठा भाग २०१७ सालीं आगींत जळाला व २०१९ सालीं ती जमीन इमारती बांधण्यासाठीं विकली गेली. राज्य सरकारनें १९७७ सालीं गोरेगांवांत चित्रनगरी वसविली. तेथें व मढच्या बंगल्यांतून आज मालिकांचें चित्रण चालतें, आणि त्या मालिकांत डोळे वटारणाऱ्या सासवांना तोटा नाहीं. त्या सासू मंडळींच्या भरजरी साड्या व दागिने पाहिले म्हणजे ललिताबाईंची वारसदारी त्यांच्याकडे आली आहे असें वरवर वाटतें. परंतु ‘सुजाता’मधल्या बाईची भक्ति किंवा मिसेस डिसाच्या डोळ्यांतलें पाणी त्यांच्या वांट्यास क्वचितच येतें. ठसा तेवढा उचलला गेला.

आरंभीं जो प्रश्न केला त्याचें उत्तर आतां देणें प्राप्त आहे. ‘ललिता पवार’ हें सामान्यनाम होणें हा त्यांच्या कर्तबगारीचा मान आहे, यांत शंका नाहीं. पण तें नांव आपण ज्या अर्थानें वापरतों त्यांत अन्याय आहे, आणि तो त्यांच्यावर जितका आहे तितकाच आपल्या घरांतील वडील स्त्रियांवरही आहे. घरांतली म्हातारी कडक बोलली कीं तिला एका शब्दांत निकालांत काढण्याची सोय या नांवानें आपल्याला मिळाली. ती कडक कां झाली, तिनें काय सोसलें, तिला काय हवें होतें, हें विचारण्याची गरज उरली नाहीं. ललिताबाईंच्या उत्तम भूमिका नेमकें तेंच विचारावयास लावतात. तेव्हां पुन्हां कोणी तें नांव शिवीसारखें उच्चारील तर त्याला ‘अनाडी’ आणि ‘सुजाता’ दाखवावे, एवढीच आमची वाचकांस सूचना आहे.